भिंतीवरच्या दहा आज्ञा

अमेरिकेतील लुइझियाना राज्याचे गव्हर्नर जेफ लँड्री यांनी १९ जून २०२४ रोजी एका कायद्यावर स्वाक्षरी केली. राज्यातील प्रत्येक सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात दहा आज्ञांचा तक्ता लावला जावा, तो निदान ११ इंच रुंद व १४ इंच उंच असावा, अक्षरे मोठी व सहज वाचता येतील अशी असावीत, आणि मजकूर कोणता असावा हेही कायद्यानेच शब्दशः ठरवून दिले. लँड्री स्वतः कॅथलिक आहेत. स्वाक्षरीचा समारंभ लाफायेट शहरातील एका कॅथलिक शाळेत झाला. गंमत अशी की, ज्या शाळेत हा समारंभ झाला त्या शाळेला तो कायदा लागू नव्हता. कारण ती सरकारी नव्हती.

पुढील वर्षी, २०२५ मध्ये, आर्कान्सा व टेक्सस या राज्यांनीही तसेच कायदे केले. टेक्ससचा तक्ता आणखी मोठा, १६ इंच रुंद व २० इंच उंच. साहजिकच प्रकरणे न्यायालयांत गेली. लुइझियानाचा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये संघराज्याच्या एका न्यायाधीशांनी रोखला. जून २०२५ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी तो निर्णय उचलून धरला. पुढे ऑक्टोबरमध्ये त्याच न्यायालयाने पूर्ण पीठापुढे फेरसुनावणी घेण्याचे ठरविले. कायद्याच्या या चढउतारांत आम्ही शिरणार नाही. न्यायालये आपले काम करतील. आमच्यापुढचा प्रश्न नीतीचा आणि श्रद्धेचा आहे.

अशी बातमी वाचून एखाद्या भाविक ख्रिस्ती माणसाला प्रथम आनंद व्हावा, हे स्वाभाविक आहे. आईबापांचा मान राखावा, हत्या, चोरी व व्यभिचार करू नये, खोटी साक्ष देऊ नये, दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये, हे मुलांनी रोज वाचले तर त्यात वाईट ते काय? वाईट काहीच नाही. म्हणूनच प्रश्न अवघड आहे. आज्ञा चांगल्या आहेत की नाहीत, याविषयी आपल्यात मतभेद नाही. त्या मुलाला कोणी सांगाव्यात, कोणत्या अधिकाराने सांगाव्यात आणि त्या मुलाला नकार देण्याची वाट मोकळी असावी की नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्ही नास्तिकाच्या बाजूने उभे राहू इच्छीत नाही. दहा आज्ञा ज्याला प्राणाहून प्रिय आहेत, त्याच्याच बाजूने आम्ही विचार करू पाहतो.

अमेरिकेत धर्म आणि राज्य यांच्यामधील भिंतीविषयी फार बोलले जाते. ही उपमा तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांनी १ जानेवारी १८०२ रोजी कनेटिकट राज्यातील डॅनबरीच्या बॅप्टिस्ट मंडळींना लिहिलेल्या पत्रामुळे प्रसिद्ध झाली. हे पत्र कोणाला लिहिले गेले, हे मात्र आपण विसरतो. ते निरीश्वरवाद्यांना लिहिलेले नव्हते. ज्या राज्यात दुसऱ्याच एका ख्रिस्ती पंथाला राजमान्यता होती, तेथील अल्पसंख्य ख्रिस्ती भाविकांना ते लिहिले होते. त्याही आधी, १६४४ मध्ये, रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाने हीच उपमा वापरली होती. त्याच्या मनात भीती होती ती बागेविषयी: ख्रिस्तसभा ही बाग आणि जग हे रान, कुंपण पडले तर रान बागेत शिरेल. म्हणजे ही भिंत मुळात श्रद्धेच्या रक्षणासाठी, श्रद्धाळूंनीच मागितलेली आहे. राज्याला धर्माचा उपद्रव होऊ नये याची काळजी अनेकांनी वाहिली. धर्माला राज्याचा उपद्रव होऊ नये याची काळजी प्रथम भाविकांनी वाहिली.

हा उपद्रव कसा असतो, हे अमेरिकेतील कॅथलिकांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. एकोणिसाव्या शतकात तेथील सरकारी शाळांत रोज बायबल वाचले जाई. ते बायबल असे प्रॉटेस्टंट परंपरेचे, किंग जेम्स भाषांतराचे. आयर्लंडहून आलेल्या गरीब कॅथलिक स्थलांतरितांची मुले त्याच शाळांत जात. फिलाडेल्फियाचे बिशप फ्रान्सिस केनरिक यांनी १८४२ मध्ये शालेय मंडळाला एक साधी विनंती केली: आमच्या मुलांना त्यांचे डुए भाषांतर वाचू द्यावे आणि परक्या पंथाच्या धार्मिक पाठातून त्यांना सूट द्यावी. मंडळाने काही अंशी ती मान्यही केली. परंतु कॅथलिक लोक शाळेतून बायबलच हाकलून लावणार, अशी आवई उठविण्यात आली. मे १८४४ मध्ये दंगल पेटली. सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टीन ही दोन चर्चे जाळण्यात आली. जुलैमध्ये पुन्हा भडका उडाला. दोन्ही दंगलींत मिळून वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. बायबलचा मान राखण्यासाठी निघालेल्या जमावाने देवाची मंदिरे जाळली.

आणखी एक प्रसंग आमच्या विषयाला अधिक जवळचा आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८५५ मध्ये शाळांतून दररोज बायबलवाचन सक्तीचे केले. बॉस्टन शहरातील एलियट शाळेत मार्च १८५९ मध्ये थॉमस व्हॉल नावाच्या एका लहान कॅथलिक मुलाला दहा आज्ञा म्हणून दाखविण्यास सांगण्यात आले. तो म्हणेना. आज्ञा त्याला येत होत्या. पण शाळेत म्हणावयाच्या आज्ञा प्रॉटेस्टंट पाठातल्या होत्या, आणि त्या म्हणू नयेत असे त्याला घरी व चर्चमध्ये सांगितलेले होते. शिक्षकाने त्याच्या हातांवर वेताच्या छडीने सुमारे अर्धा तास मारले. नकार देणाऱ्या शेकडो मुलांना शाळेबाहेर पडावे लागले. वडिलांनी शिक्षकावर खटला भरला. न्यायालयाने शिक्षकाला दोषमुक्त केले. आज दहा आज्ञा भिंतीवर लावाव्यात म्हणून जे कॅथलिक उत्साहाने पुढे येतात, त्यांच्या पूर्वजांपैकी एका मुलाचे हात दहा आज्ञांवरूनच सुजले होते.

कोणी विचारील, आज्ञा त्या आज्ञाच. त्यांत कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट असा भेद कसला? भेद आहे, आणि तो जाणून घेण्यासारखा आहे. निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आणि अनुवादाच्या पाचव्या अध्यायात हा मजकूर आहे; पण तेथे त्याला क्रमांक दिलेले नाहीत. क्रमांक परंपरेने दिले. ज्यू परंपरेत, मिसर देशाच्या दास्यातून सोडविणारा परमेश्वर मीच, हे वचनच पहिले मानले जाते. प्रॉटेस्टंटांतील बहुतेक पंथ आणि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा मूर्ती न करण्याची आज्ञा वेगळी, दुसरी म्हणून मोजतात. आपली कॅथलिक परंपरा संत ऑगस्टीनला अनुसरून ती पहिल्याच आज्ञेत सामावून घेते आणि शेवटी लोभाच्या दोन आज्ञा वेगळ्या मोजते. लुथरन मंडळींची मोजणीही अशीच आहे. त्यामुळे हत्या न करण्याची आज्ञा आपली पाचवी, तर बहुतेक प्रॉटेस्टंटांची सहावी. हा केवळ हिशेबाचा भाग नव्हे. ज्या घरात संतांच्या प्रतिमेपुढे दिवा लागतो त्या घरातल्या मुलाला, मूर्तीविरुद्धची आज्ञा वेगळी काढून म्हणावयास लावण्यात काय सुचविले जात होते, ते बॉस्टनच्या त्या मुलाला नीट समजले होते.

लुइझियाना आणि टेक्ससच्या कायद्यांनी या मतभेदातून वाट काढण्यासाठी क्रमांक गाळले आहेत. तरीही भाषा जुन्या इंग्रजी भाषांतराच्या वळणाची आहे. मूर्तींविषयीची ओळ स्वतंत्र आहे. आणि दास्यातून सोडविल्याचे ते वाक्य, जे ज्यूंच्या दृष्टीने सर्वांचा पाया आहे, ते मात्र अर्धेच ठेवले आहे. मजकूर कोणताही निवडला असता तरी हे टळले नसते. भिंत एक, तक्ता एक. म्हणजे पाठ कोणता हे कोणीतरी ठरविलेच पाहिजे. विधानसभेने ते ठरविले. ज्या दिवशी विधानसभा पवित्र शास्त्राचा पाठ बहुमताने मुक्रर करते, त्या दिवशी राज्य धर्मगुरू होते. आणि राज्याने धर्मगुरू व्हावे असे कोणत्याही बिशपांनी, रब्बींनी वा पास्टरांनी आनंदाने मान्य करावे, हे आम्हांस उमगत नाही.

या ठिकाणी आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाकडेही प्रांजळपणे पाहिले पाहिजे. शाळांत अन्याय झाला तेव्हा अमेरिकेतील कॅथलिकांनी स्वतःच्या शाळा उभारल्या. १८८४ च्या बाल्टिमोर परिषदेने तर प्रत्येक धर्मग्रामाने आपली शाळा काढावी असा दंडकच घातला. पण त्याच शतकात, १८६४ मध्ये, पोप नववे पायस यांनी प्रसिद्ध केलेल्या चुकांच्या सूचीत, राज्य आणि ख्रिस्तसभा विभक्त असावीत हे मतही चुकीचे म्हणून नोंदले होते. जेथे आपण थोडे होतो तेथे स्वातंत्र्य मागायचे आणि जेथे पुष्कळ होतो तेथे ते द्यायला कचरायचे, असा हा दुटप्पीपणा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये सरकारी शाळांतील राज्यप्रणीत प्रार्थना घटनाबाह्य ठरविली, तेव्हा त्या निर्णयावर तीव्र टीका करणाऱ्यांत न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन हेही होते. शंभर वर्षांत पारडे फिरले होते. जे एके काळी वर्गाबाहेर काढले गेले, ते आता वर्गातल्या प्रार्थनेची बाजू घेत होते.

हा दुटप्पीपणा दूर केला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने. जॉन कोर्टनी मरे या अमेरिकन येशूसंघीय धर्मपंडितांना धर्म आणि राज्य या विषयावर लिहिणे १९५५ मध्ये वरिष्ठांच्या सांगण्यावरून थांबवावे लागले होते. तेच मरे पुढे परिषदेत तज्ज्ञ म्हणून बसले, आणि ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. त्याचे सार असे: सत्य माणसाच्या मनात शिरते ते स्वतःच्या बळाने, सौम्यपणे, श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती करू नये, आणि हा हक्क माणसाच्या माणूसपणातून येतो, तो कोणत्या धर्माचा आहे यावरून नव्हे. म्हणजे आपण जे स्वतःसाठी मागतो ते दुसऱ्यासाठीही मागणे, ही आता आपल्यावर ख्रिस्तसभेनेच घातलेली जबाबदारी आहे.

प्रतिपक्षाची बाजू हलकी लेखून चालणार नाही. तीन मुद्दे विशेष मांडले जातात. पहिला, दहा आज्ञा हा पाश्चात्त्य कायद्याच्या इतिहासाचा भाग आहे. मग तो मुलांनी का वाचू नये? अवश्य वाचावा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये शाळांतील भक्तिपर बायबलवाचन अमान्य केले, तेव्हाच इतिहास आणि साहित्य म्हणून बायबलचा अभ्यास करण्यास हरकत नाही, असेही स्पष्ट केले होते. परंतु इतिहास शिकवायचा तर शिक्षक लागतो, प्रश्न लागतात, दुसऱ्या ग्रंथांशी तुलना लागते. गणिताच्या आणि भूगोलाच्या वर्गात बारा महिने टांगलेला तक्ता इतिहास शिकवीत नाही. केंटकी राज्याने १९७८ मध्ये असाच कायदा केला होता. तक्ते खासगी देणग्यांतून आणले जात आणि त्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत कायद्याच्या इतिहासाचा दाखलाही दिला जाई. न्यायालयाने १९८० मध्ये तो कायदा रद्द करताना म्हटले की, या तक्त्याचा काही परिणाम व्हायचाच असेल तर तो मुलांनी आज्ञा वाचाव्यात, त्यांचे मनन करावे, त्या पूज्य मानून पाळाव्यात, असाच होईल. आम्ही म्हणू, भाविकाला तरी याहून वेगळे काय हवे असते? मग त्याला इतिहासाचे नाव देणे हे, खोटी साक्ष देऊ नये अशी आज्ञा असलेल्या तक्त्याखाली बसून, थोडेसे अवघडच आहे.

दुसरा मुद्दा असा की, भिंतीवरची अक्षरे कोणाला काही करावयास भाग पाडीत नाहीत. ज्याला नको त्याने पाहू नये. लँड्री यांनीही पालकांना असाच सल्ला दिला होता. युरोपातही यावर वाद झाला. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९९५ मध्ये बव्हेरियातील शाळांच्या वर्गांत क्रूस लावण्याची सक्ती अमान्य केली. उलट इटलीतील प्रकरणात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २०११ मध्ये, वर्गातला क्रूस हे मूलतः निष्क्रिय चिन्ह आहे, असे म्हणून तो राहू दिला. त्या निर्णयाविषयी मतभेद होऊ शकतात. पण क्रूस मूक असतो. आज्ञा बोलते, आणि ती बोलते आज्ञार्थात. वर्गात शिक्षकाचा, वेळापत्रकाचा आणि नियमांचा शब्द मुलाने मानायचा असतो. त्या नियमांच्या रांगेतच, कोणता देव मानावा हेही लिहिलेले असेल, तर तो निष्क्रिय मजकूर म्हणता येणार नाही. मुलाला शाळेत जाणे कायद्याने बंधनकारक आहे. मान वळविण्याची मुभा हे काही स्वातंत्र्य नव्हे.

तिसरा मुद्दा आम्हांस सर्वांत प्रामाणिक वाटतो. आजच्या मुलांना नीतीचा आधार उरलेला नाही. निदान एवढा तरी असू द्या. या कळकळीला आम्ही नमस्कार करतो. पण आज्ञा अंगी बाणतात कशा, याचाही विचार व्हावा. मोशेला मिळालेल्या दगडी पाट्या चव्हाट्यावर उभ्या केल्या गेल्या नव्हत्या; त्या कराराच्या कोशात ठेवल्या होत्या. घराच्या दारांच्या चौकटींवर देवाची वचने लिहिण्यास सांगितले गेले, ते आईबापांना, त्यांच्या स्वतःच्या घरांविषयी. आणि त्याच्याच जोडीला, घरात बसताना व वाटेने चालताना ती मुलांशी बोलत राहण्याची जबाबदारीही त्यांच्यावर टाकली गेली. संदेष्टा यिर्मयाला जो नवा करार दिसला, त्यात नियमशास्त्र लिहिण्याची जागा माणसाचे हृदय ही होती. आपल्याकडे संध्याकाळच्या रोझरीनंतर आजीने नातवाकडून आज्ञा म्हणवून घेतल्या, तेव्हा त्या आज्ञांमागे तिचे सारे आयुष्य उभे होते. वर्गातल्या तक्त्यामागे काय उभे असते? शासनाचा आदेश. जे घराने करावयाचे ते भिंतीवर सोपविले, की घर निश्चिंत होते. आणि ही निश्चिंतता मुलाच्या दृष्टीने फार महाग पडते.

शिवाय दहा आज्ञांची सुरुवात आज्ञेने होतच नाही. आधी सुटका आहे, मग आज्ञा. ज्याने दास्यातून सोडविले त्याच्याशी असलेल्या नात्यातून त्या आज्ञांना अर्थ येतो. हे नाते राज्याला देता येत नाही. राज्याच्या हातात असतो तो दंड. सुटकेची कथा वगळून केवळ आज्ञा राज्याच्या भिंतीवर टांगल्या, तर मुलाच्या मनात देव हा आणखी एक मुख्याध्यापक होऊन बसण्याचा धोका आहे.

टेक्ससच्या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या कुटुंबांत ज्यू, ख्रिस्ती, हिंदू आणि कोणताही धर्म न मानणारी अशी सर्व प्रकारची कुटुंबे होती. ह्यूस्टन, डॅलस या परिसरांत पुष्कळ मराठी कुटुंबेही राहतात. ज्या घरी देव्हाऱ्यात गणपती आहे, त्या घरची सहा-सात वर्षांची मुलगी वर्गात बसून वाचते की, दुसरे देव मानू नयेत आणि मूर्ती करू नये. तिच्या शिक्षिकेने ते लिहिलेले नाही. पण ते शिक्षिकेच्या टेबलामागे आहे, आणि लहान मुलाला तेवढे पुरते. आई आणि शाळा यांपैकी कोण खरे, असा प्रश्न तिला पडतो. त्याच तक्त्यावर पुढे तिला आईबापांचा मान राखण्यास सांगितलेले आहे. एका ओळीने तिला आईविषयी शंका घ्यावयास लावायची आणि दुसऱ्या ओळीने आईचा मान राखावयास सांगायचे, हे त्या मुलीने कसे पेलावे?

हा प्रश्न दूरच्या देशातला असला, तरी आपल्या अंगणात तो येतच नाही असे नाही. भारतीय राज्यघटनेचे अठ्ठावीसावे कलम सांगते की, पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही. आणि सरकारमान्य वा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या, तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धर्मशिक्षणात वा उपासनेत भाग घ्यावयास लावता येणार नाही. या कलमाच्या पहिल्या भागाचे आपण अल्पसंख्य या नात्याने मनापासून स्वागत करतो. उद्या कोणी सरकारी शाळांच्या भिंतींवर बहुसंख्यांच्या धर्मग्रंथातील वचने लावावयास निघाले, तर याच कलमाकडे आपण बोट दाखवू, आणि ते योग्यच असेल. पण दुसरा भाग आपल्याला उद्देशून आहे. वसई, मुंबई, गोवा येथील आपल्या शाळांत हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन मुले मोठ्या संख्येने शिकतात. आपल्या शाळेच्या भिंतीवर क्रूस असणे हा आपला हक्क आहे. ती संस्था आपली आहे आणि पालक ते जाणून मुलाला पाठवितात. त्या क्रुसाखाली बसणाऱ्या मुलाला आपल्या घरच्या देवाची लाज वाटणार नाही, एवढे पाहणे हे मात्र आपले कर्तव्य आहे. स्वातंत्र्य ही वस्तू अशी आहे की, ती दुसऱ्याला देताना आपण कसे वागतो यावरूनच ती आपल्याला कितपत कळली ते दिसते.

कैसराच्या नाण्याविषयी येशूला विचारले गेले, तेव्हा त्याने त्यावरचा मुखवटा कोणाचा असे विचारले. ज्यावर कैसराची प्रतिमा ते कैसराचे. मग ज्यावर देवाची प्रतिमा आहे ते कोणाचे? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायानुसार देवाची प्रतिमा माणसावर आहे. म्हणून मुलाचे अंतःकरण कैसराच्या मालकीचे नाही. कैसर सज्जन असला, आपल्या धर्माचा असला, आपल्याच शाळेत येऊन स्वाक्षरी करून गेला, तरीही नाही. दहा आज्ञांवर ज्यांचे खरे प्रेम आहे, त्यांनी त्या कैसराच्या हाती देऊ नयेत, असे आम्हांस वाटते. त्यांनी त्या आपल्या घरी न्याव्यात, पाळाव्यात, आणि शेजाऱ्याच्या मुलाला आपल्या वागणुकीतून त्या वाचता येतील असे जगावे. त्या वाचनाला कोणत्याही न्यायालयाची हरकत असणार नाही.